पाकिटावरची तारीख

बाबा सांगलीला जिल्हा परिषदेत बारनिशीला होते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. कागदात काय लिहिलंय ते नंतर. आधी कोपऱ्यात तारखेचा शिक्का, मग आवक क्रमांक, मग नोंदवहीत एक ओळ, आणि पाकीट फेकून न देता टाचणीने कागदाच्या मागे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची आणि रोज सकाळी शिक्क्याची तारीख फिरवून द्यायची. पाकीट कशाला ठेवायचं, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "कागदावर तारीख लिहिणाऱ्याची असते गं. तो पोचला कधी, ते पाकीट सांगतं." नऊ वर्षांच्या मुलीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला शिक्क्याच्या जांभळ्या शाईत रस होता.

इंग्लंडमध्ये येऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा, २०१६ साली, स्विंडनच्या आमच्या घरात दारातल्या फटीतून ते पहिलं पत्र पडलं. जाड अक्षरांत पार्किंग चार्ज नोटीस. आमच्या गाडीचे दोन फोटो, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा, खाली तास, मिनिटं, सेकंद. १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०. नवरा कामाच्या व्हिसावर होता आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज दीड वर्षावर आला होता. त्या अर्जात, कर्ज न फेडल्याबद्दल कोर्टाने तुमच्याविरुद्ध निकाल दिलाय का, असा प्रश्न असतो हे आम्हाला ठाऊक होतं. रात्री साडेअकराला आम्ही ६० पौंड भरले आणि पत्र फाडून टाकलं. खरोखर आपलं चुकलं होतं का, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. सरकारचा कागद आला, भरून मोकळं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

तो कागद सरकारचा नव्हता. हे मला कळायला सहा वर्षं लागली, आणि माझ्यासारखे किती लोक या देशात अजून न कळता पैसे भरत असतील या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. इथे 'पीसीएन' नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर, पिवळ्या रेघांवर गाडी लावली म्हणून नगरपालिका देते ती पेनल्टी चार्ज नोटीस. तो कायद्याने ठरवलेला दंड. सुपरमार्केटच्या, हॉस्पिटलच्या, दुकानांच्या आवारात खासगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. आद्याक्षरं तीच, पण हे बिल आहे. आवारात लावलेला फलक म्हणजे करार, तुम्ही गाडी लावलीत म्हणजे तो मान्य केलात, आणि आता तुम्ही तो मोडलात म्हणून एवढे पैसे द्या, असं कंपनीचं म्हणणं. म्हणणं म्हणजे निकाल नव्हे. भरायला नकार दिलात तर पोलीस येत नाहीत, गुन्हा होत नाही. कंपनीला पैसे हवेच असतील तर तिला दिवाणी कोर्टात जाऊन आपली बाजू सिद्ध करावी लागते.

२०१२ पर्यंत या कंपन्या इंग्लंड आणि वेल्समध्ये चाकाला लोखंडी जबडे लावायच्या आणि पैसे घेतल्याशिवाय गाडी सोडायच्या नाहीत. त्या वर्षीच्या 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्याने ऑक्टोबरपासून ते बंद केलं. पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना बदल्यात एक गोष्ट दिली. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तर ठरावीक अटी पाळून गाडीच्या कीपरकडून, म्हणजे ज्याच्या नावावर ती नोंदलेली आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. आणि कीपरचा पत्ता कंपनीला देतं कोण? गाड्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था, डीव्हीएलए. एका नोंदीचे अडीच पौंड घेऊन. वर्षाला असे एक कोटीहून जास्त पत्ते जातात. आपण गाडीची नोंदणी सरकारकडे करतो आणि तिथून आपला पत्ता परक्याच्या हातात जातो, हे मला अजूनही नीट पचलेलं नाही.

पुण्यात कॉलेजला असताना लक्ष्मी रोडवरून माझी स्कूटी दोनदा टोइंगच्या गाडीवर चढली होती. दोन्ही वेळा मी मागे धावत गेले, वाद घातला, पावती घेतली, पैसे भरले. समोर माणूस होता. घामाघूम झालेला, वैतागलेला, पण माणूस. त्याला मी "दादा, दोन मिनिटं झालीत फक्त" असं म्हणू शकत होते, आणि तो ऐको न ऐको, माझं बोलून व्हायचं. इथे खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. आत आलात ती वेळ, बाहेर गेलात ती वेळ, मधली वजाबाकी. मधल्या वेळात काय घडलं ते त्याला दिसत नाही.

आपल्या लोकांमध्ये यावर दोन सल्ले मिळतात आणि माझ्या मते दोन्ही घातक आहेत. पहिला आम्ही पाळला तो: भरून टाक, कटकट नको. दुसरा त्याहून मोठ्या आवाजात दिला जातो: कचऱ्यात टाक, काही होत नाही. तो एके काळी चालायचा. पण एसेक्समधल्या चेम्सफर्डला बॅरी बीव्हिस नावाच्या, फिश अँड चिप्सचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांनी २०१३ साली दोन तास मोफत असलेल्या आवारात ५६ मिनिटं जास्त गाडी ठेवली, ८५ पौंडांची नोटीस आली, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सात न्यायाधीशांपैकी सहांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. फलक मोठे आणि स्पष्ट होते, ग्राहकांसाठी जागा रिकामी होत राहावी यात दुकानांचं रास्त हित होतं, म्हणून ती रक्कम अवास्तव नाही, असं ठरलं. तेव्हापासून 'काही होत नाही' हे खरं राहिलेलं नाही.

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने तसंच एक पत्र कचऱ्यात टाकलं आणि दोन महिन्यांनी घर बदललं. पुढची सगळी पत्रं जुन्या पत्त्यावर. कोर्टाचा दावाही तिकडेच गेला, उत्तर गेलं नाही म्हणून निकाल आपोआप विरोधात लागला. त्यांना ते कळलं घरासाठी कर्ज मागितल्यावर, बँकेने नकार दिला तेव्हा. असा निकाल महिन्याभरात पैसे भरले तर नोंदीतून निघतो, नाहीतर सहा वर्षं राहतो. तो रद्द करून घ्यायच्या अर्जाची फी तेव्हा २७५ पौंड होती. बघून ठेवलेलं घर गेलं. ती दोघं हे कुणाला सांगत नाहीत, जणू त्यांनी चोरी केली होती.

माझ्यापुरतं सगळं बदललं ते २०२२ च्या जूनमध्ये. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच एकटी इकडे आली होती. बहात्तर वर्षांची, मधुमेह, नवीन गुडघा. एका शनिवारी तिला नातवंडांसाठी कपडे घ्यायचे होते म्हणून गावाबाहेरच्या मोठ्या दुकानांच्या आवारात घेऊन गेले. दोन तास पार्किंग मोफत. दीड तासात आमची खरेदी झाली, आणि पैसे द्यायच्या रांगेत आई माझा हात धरून म्हणाली, "मला गरगरतंय गं." साखर उतरली होती. दुकानातल्या एका मुलीने खुर्ची आणली, दुसरीने संत्र्याचा रस. मॅनेजरबाई आईच्या शेजारी जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि तिचा हात चोळत राहिल्या. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. आई त्यांना सारखी "बरं वाटतंय, बरं वाटतंय" म्हणत होती. तिला नीट उभं राहता येईपर्यंत आणि गुडघ्याच्या वेगाने गाडीपर्यंत पोचेपर्यंत घड्याळाकडे माझं लक्षही गेलं नाही. कॅमेऱ्याचं गेलं. २ तास ४१ मिनिटं.

नवव्या दिवशी पत्र आलं. मी ते लपवायला हवं होतं, पण आईनेच दारातून उचलून आणलं. फोटोतली गाडी तिने ओळखली. किती पैसे, म्हणून विचारलं, मी सांगितलं, तिने मनात गुणाकार केला आणि गप्प झाली. रात्री माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझ्यामुळं झालं. माझ्या पेन्शनीतनं दे." बाबांच्या मागे तिला मिळणारी ती पेन्शन. त्या वाक्याने माझ्यातली भीती गेली आणि तिच्या जागी चीड आली. हे पैसे मी भरणार नव्हते. शंभरही नाही आणि साठही नाही.

कंपनीकडे मी खरं ते लिहिलं. दुकानाची पावती जोडली, आईच्या मधुमेहाचे कागद जोडले. तीन आठवड्यांनी नकार आला. तुमच्या परिस्थितीबद्दल सहानुभूती आहे, पण फलक स्पष्ट आहेत, अशा अर्थाचा. माझं पत्र कुणी वाचलं होतं असं त्यातल्या एकाही ओळीवरून दिसत नव्हतं. सोबत पोप्लाकडे दाद मागण्यासाठी क्रमांक. पोप्ला म्हणजे ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपन्यांविरुद्ध जिथे अपील करायचं ती स्वतंत्र यंत्रणा. दुसरी एक संघटना आहे, तिच्या सभासदांसाठी अपिलाची व्यवस्था निराळी. पोप्लासाठी २८ दिवस असतात, आणि तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. हे सगळं मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने समजावलं. तो स्वतः दोनदा यातून गेला होता. पण त्याने हेही सांगितलं, की पोप्ला करार आणि कायदा बघते. आई आजारी पडली, हे तिथे चालत नाही.

मग चालतं कुठे? तो म्हणाला, जागा ज्याची आहे त्याला विचार. कंपनी नुसती राखणदार असते.

मी पुन्हा त्या दुकानात गेले. मॅनेजरबाईंनी मला ओळखलं, आधी आईची चौकशी केली. पत्र दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्या आत गेल्या आणि एक नोंदवही घेऊन आल्या. दुकानात कुणाला प्रथमोपचार द्यावे लागले तर त्यात लिहून ठेवायची पद्धत होती. बोट फिरवत त्यांनी तो शनिवार काढला: ज्येष्ठ महिला, चक्कर, वेळ, कुणी मदत केली त्यांची सही. तिथे उभी असताना मला बाबांचं टेबल आठवलं, पिवळ्या पुठ्ठ्याची नोंदवही, टाचण्यांची डबी, आणि मला काउंटरशी रडू आलं. बाईंना वाटलं मी पैशांसाठी रडतेय. त्यांनी तिथेच उभं राहून आवाराच्या व्यवस्थापकांना चार ओळींचा मेल केला. आठवड्याभरात नोटीस रद्द झाली. आईने सांगलीला परत जाण्याआधी त्यांना लिंबाच्या लोणच्याची बाटली नेऊन दिली.

त्याच जूनमध्ये एक वाईट बातमी वाचली होती. खासगी पार्किंगला शिस्त लावायचा कायदा संसदेने २०१९ मध्ये केला. त्याखालची सरकारी आचारसंहिता यायला २०२२ चा फेब्रुवारी उजाडला. लंडनबाहेर बहुतेक चुकांना ५० पौंडांची मर्यादा, वसुलीच्या नावाखाली वर चढवल्या जाणाऱ्या ७० पौंडांवर बंदी. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा लोकांची मतं मागवली गेली. कायदा होऊन सहा वर्षं झाली होती.

ते ७० पौंड काय असतात हे मला शेजारच्या आंटींकडून कळलं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप. पोर्तुगीज राजवटीतल्या जन्माच्या आधारे पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवून, युरोपीय म्हणून इथे आलेली. आंटी बार्देसच्या, गोदामात रात्रपाळीला, नवरा बोटीवर, दोन तरुण मुलगे. आम्ही अर्धं कोकणी, अर्धं मराठी असं बोलतो. माझं प्रकरण मिटल्याचं सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, त्यांनी मागल्या वर्षी १७० भरले होते. १०० ची नोटीस, त्यावर वसुली एजन्सीचे ७०. पत्रात कोर्टाचा शब्द लाल अक्षरात होता, म्हणून त्यांना वाटलं बेलिफ येणार, घरातलं सामान नेणार, सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, जाणार. तीन रात्रपाळ्यांचे पैसे. मी त्यांना सांगितलं की कोर्टाच्या निकालाशिवाय बेलिफ येऊच शकत नाही, एजन्सीच्या हातात पत्र पाठवण्यापलीकडे काही नसतं. त्यांनी विचारलं, मग ते परत मिळतील का? मला नाही म्हणावं लागलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जड गेलेला शब्द तोच.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या पाडव्याला, मी श्रीखंडाला चक्का घोटत होते आणि आंटी मागच्या दाराने आल्या. "कोर्टाचो कागद आयला, बाय." कोर्टाचा नव्हता. नवी पार्किंग चार्ज नोटीस होती, कंपनी निराळी. मी हात धुतले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाकीट कुठंय?" ते त्यांच्या एप्रनच्या खिशातच होतं. त्यावर टपालाची तारीख नव्हती, अशा ठोक टपालावर बहुतेक वेळा नसतेच. म्हणून मी पेन्सिलीने लिहिलं: २२ मार्च, बुधवार.

मग आम्ही दोघी भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभ्या राहिलो. गाडी लावली होती ५ मार्चला, रविवारी. काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं, नुसता कॅमेरा. अशा वेळी कीपरला जबाबदार धरायचं असेल, तर गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत नोटीस त्याच्या हाती पोचली पाहिजे. लिहून झाली असून चालत नाही. ६ मार्च, एक. मी बोट ठेवत गेले आणि आंटी मोठ्याने मोजत गेल्या. चौदा म्हटलं तेव्हा बोट १९ तारखेवर होतं. पत्रावर तारीख १७ मार्च, शुक्रवार. पाठवलेलं पत्र कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी पोचलं असं कायदा धरतो, म्हणजे मंगळवार, २१. तसं मोजलं तरी उशीर झालेला. आंटींनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

त्यांची अडचण वेगळी होती. "हें फट न्हय मगो?" हे खोटं तर नाही ना? त्या दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या. त्यांना कुणाचे पैसे बुडवायचे नव्हते. मलाही हा प्रश्न पडला होता, कारण मुदतीच्या मुद्द्यावर सुटणं ही पळवाट वाटते. पण मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कंपनीने ४१ मिनिटांचं काटेकोर गणित माझ्या आईला लावलं होतं, तेव्हा तिची चक्कर मोजली नव्हती. घड्याळ हाच नियम असेल तर तो दोन्ही बाजूंना लागू आहे. आणि त्यांच्या पत्रात खोटं काही लिहायचं नव्हतंच. गाडी घरात तिघं चालवतात, त्या रविवारी कोण होतं हे त्यांना खरोखर आठवत नव्हतं, आणि ते सांगण्याची कायद्याने सक्तीही नाही. आम्ही लिहिलं: मी या गाडीची कीपर आहे, चालकाचं नाव मी देत नाही, तुमची नोटीस २०१२ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या मुदतीत पोचलेली नाही, म्हणून माझ्यावर जबाबदारी येत नाही. चार वाक्यं. प्रत्येक वाक्य मी कोकणीत सांगायचा प्रयत्न केला, आणि त्यांना पटल्यावरच पुढचं लिहिलं.

कंपनीने ते फेटाळलं. आम्ही पोप्लाकडे गेलो. तिथे कंपनीने बाजूच मांडली नाही, नोटीस मागे घेतली. मेल आला तेव्हा आंटी रात्रपाळीहून येऊन झोपल्या होत्या. धाकट्याने तो छापून त्यांच्या उशाशी ठेवला.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात एक वही झाली. आवक, जावक, तारीख, कुणाकडून. आंटींच्या गोदामातली माणसं पत्रं घेऊन येतात. सगळी प्रकरणं सुटत नाहीत. काहींचं खरंच चुकलेलं असतं, आणि सूट मिळते तोवर भरून टाका असं मी त्यांना स्पष्ट सांगते. काहींनी रागाच्या भरात आधीच लिहून पाठवलेलं असतं की गाडी मी चालवत होतो, मग मुदतीचा मुद्दा उरत नाही. कोर्टाचा खराखुरा दावा घेऊन एकजण आला होता, त्याला मी हात लावला नाही, त्याच दिवशी सल्ला केंद्रात नेऊन सोडलं, कारण तिथे एकेक दिवस मोजला जातो.

गेल्या महिन्यात आंटींचा धाकटा आला, एका मित्राची नोटीस घेऊन. पाकीट मागे टाचलेलं होतं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. मी कालनिर्णयकडे वळले तर तो म्हणाला, "मोजलं मी. अकरावा दिवस. वेळेत आलंय." म्हणजे तो रस्ता बंद होता.

"फलकाचे फोटो?" मी विचारलं.

"काढलेत. उजेडातले पण आणि रात्री त्या वेळी किती दिसतं ते पण." त्याने फोन पुढे केला. अंधारात एक खांब दिसत होता. त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती.